पिक्सी ४० मीटर किट: ट्रान्समीटर म्हणून बिनधास्त घ्या, रिसीव्हरची अपेक्षा ठेवू नका

बरेच दिवस मनात होतं की स्वतः सोल्डर केलेल्या सेटवर सीडब्ल्यू (मोर्स कोडमधला संपर्क) करायचं, शेवटी पिक्सीचं, म्हणजे ४० मीटर बँडवर (साधारण ७ मेगाहर्ट्झ) पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या छोट्याशा हॅम (हौशी) रेडिओचं चायनीज किट ऑनलाइन मागवलं, हजाराच्या आतच पडलं. पाकिटात एक छोटा पीसीबी, ७.०२३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन ट्रान्झिस्टर, आवाज वाढवणारी एलएम३८६ आयसी आणि मूठभर कपॅसिटर-रेझिस्टर. कागद एकही नाही, सर्किट नेटवर शोधावं लागलं, हे मला अजिबात पटलं नाही कारण पहिल्यांदा करणारा माणूस इथेच अडकतो.

सगळ्यात जास्त घोळ कॉइल्सचा. त्या दिसायला हुबेहूब रेझिस्टरसारख्या, १०० मायक्रोहेन्रीच्या चोकवर (हीसुद्धा एक कॉइलच) तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे, मी तो आधी रेझिस्टर समजून भलत्याच जागी लावला आणि मग डिसोल्डर करताना एक पॅड उचललं गेलं, वायर टाकून जोडावं लागलं. म्हणून सांगतो, सोल्डरिंग गन तापवायच्या आधी प्रत्येक नग मल्टीमीटरवर बघा, कॉइल जेमतेम काही ओहम दाखवते. बाकी बोर्ड छान आहे, दोन संध्याकाळी निवांत पुरतात.

बोर्ड झाला की लगेच अँटेना लावू नका, आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर. मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून १०० ओहम एक वॅटचे दोन रेझिस्टर आणले आणि पॅरलल जोडले, झाले ५० ओहम. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी लावून मोर्सची की दाबली, डायोड लावून मोजलं तर ७ व्होल्टच्या आसपास आलं, म्हणजे अर्ध्या वॅटच्या थोडं वर. विकणाऱ्याने १.२ वॅट लिहिलं होतं, तेवढं मला कधीच मिळालं नाही. पण टोन एकदम स्वच्छ, डा-डिट-डा-डिट डा-डा-डिट-डा (सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी हाक) पाठवलं आणि बाजूच्या मोठ्या सेटवर ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला खरंच, आपण हाताने जोडलेल्या चार तुकड्यांतून हा आवाज निघतोय!

मग गच्चीवर डायपोल (दोन बाजूंना तार असलेली अँटेना) टांगला, प्रत्येक बाजू साधारण १०.२ मीटर, आणि हैदराबादच्या एका ओळखीच्या हॅमशी फोनवर वेळ ठरवून सकाळी दहाला कॉल केला. तिसऱ्या कॉलला उत्तर आलं, रिपोर्ट ५३९ (स्पष्टपणा ५, सिग्नलचा जोर ३, टोन ९). अर्ध्या वॅटवर पुण्याहून हैदराबाद, क्यूआरपीची, म्हणजे कमी पॉवरवर बोलण्याची मजा म्हणतात ती हीच.

आता रिसीव्हरचं. डायरेक्ट कन्व्हर्जन आहे (सिग्नल थेट आवाजात बदलतो), सिलेक्टिव्हिटी, म्हणजे हवं तेच स्टेशन वेगळं काढणं, नावालाही नाही, आजूबाजूची सगळी स्टेशनं एकदम कानात येतात आणि रात्री तर ४१ मीटरचं ब्रॉडकास्ट चढून बसतं, गाणी आणि बातम्यांच्या खाली आपला डिट-डा शोधायचा म्हणजे कान दुखतात. पॉटने (फिरवायच्या रेझिस्टरने) रिसीव्हची फ्रिक्वेन्सी थोडीशी इकडेतिकडे सरकते पण तेवढ्याने भागत नाही, आणि क्रिस्टल असल्यामुळे समोरच्यालाच ७.०२३ वर यावं लागतं. मी आता ऐकायला दुसरा सेट वापरतो आणि पिक्सी फक्त पाठवायला, तेव्हापासून हे किट मनापासून आवडायला लागलंय.

हॅमचं लायसन्स हातात नसेल तर अँटेनाला जोडू नका, तोपर्यंत डमी लोडवरच हात बसवा. की पाच-सहा सेकंदांच्या वर दाबून धरायची नाही, आउटपुटचा एस८०५० ट्रान्झिस्टर लगेच चटका बसेल इतका तापतो, आणि लोड नसताना तर की दाबायचीच नाही, माझा पहिला ट्रान्झिस्टर तसाच गेला. दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा, अगदी किरकोळ पैशात मिळतात.