तुळजापूर रस्त्यावरची सागवानाची वखार: कागद चोख, भाव चढा

सोलापुरात दाराची चौकट करायला लाकूड बघत फिरणाऱ्या माणसाला आज साधारण तीन प्रकारचा साग दाखवला जातो. एक आफ्रिकेतून जहाजाने कांडला बंदरात येऊन गांधीधामच्या बाजारातून इकडे पोचणारा. दुसरा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सरकारी जंगलातला, ज्याला व्यापारी ‘सीपी’ किंवा ‘बल्लारशा’ म्हणतात. आणि तिसरा, पाडलेल्या वाड्यांतून निघालेला जुना साग. तुळजापूर रस्त्यालगतच्या ज्या वखारीविषयी मी लिहीत आहे तिथे तिन्ही मिळतात, परंतु तिचा लौकिक दुसऱ्या प्रकारासाठी आहे आणि माझे मतही मुख्यतः त्याच मालाबद्दल आहे. पुढे काही तक्रारी मांडल्या असल्याने वखारीचे नाव देणे टाळतो. सोलापूरचा कोणताही जुना सुतार पत्ता सांगेल.

या वखारीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मालाचे मूळ दाखवण्याची तयारी. इतर दोन-तीन ठिकाणी ‘सीपीच आहे, डोळे झाकून घ्या’ एवढ्यावर भागवले गेले. इथे मुनीमांनी स्वतःहून फाइल काढली आणि म्हणाले, “ओ सर, आधी कागद बघा की, मग लाकूड बघू.” फाइलमध्ये वनखात्याच्या लाकूड आगारातील (डेपोतील) लिलावाची पावती होती, लॉटचा क्रमांक होता आणि वाहतूक परवाना होता. त्यानंतर शेडमध्ये नेऊन त्यांनी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर उमटवलेला वनखात्याचा हातोड्याचा ठसा आणि त्याशेजारी रंगाने लिहिलेली लांबी व घेर दाखवला. कागदावरचे आकडे आणि लाकडावरचे आकडे जुळत होते. गिऱ्हाइकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती अशी की हा ठसा फक्त ओंडक्यावर असतो. एकदा लाकूड चिरले की फळीवर तसली कोणतीच खूण उरत नाही. त्यामुळे तयार फळ्यांचा ढीग दाखवून कोणी सीपीची हमी देत असेल तर तिला फारसा अर्थ नसतो. या वखारीत ओंडका निवडून तो आपल्या देखत आऱ्यावर चिरून मिळतो, आणि सीपीसाठी मोजलेले जादा पैसे खऱ्या अर्थाने याच सोयीचे आहेत.

मापाच्या बाबतीतही वखार सरळ वागते, तरी ते माप समजून घेतलेले बरे. गोल लाकडाचे घनमाप काढताना घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. १२० सेंटीमीटर घेराच्या व ३ मीटर लांबीच्या ओंडक्याचे माप या रीतीने ०.२७ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ घनफूट भरते. तोच ओंडका अचूक गोल धरला तर ०.३४ घनमीटर होतो. हा फरक खरेदीदाराच्या बाजूचा असतो, कारण चिरताना कडेचा भाग वाया जायचाच असतो. चिरलेल्या लाकडात मात्र गणित उलटते. पाच इंच बाय तीन इंचाच्या चौकटीसाठी सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा नग घेतला तर १.८२ घनफुटांचे पैसे लागतात, आणि रंधा मारल्यावर हातात येणारी चौकट प्रत्येक बाजूने पाव इंच तरी कमी झालेली असते. आमच्या मिस्त्रींनी हे आधीच सांगितले होते आणि मुनीमांनीही ते न विचारता सांगितले, याची नोंद करायला हवी.

आता तक्रार. वखारीत ‘सीपी’ या एकाच भावाखाली दोन वेगळ्या प्रतींचा माल विकला जातो. नैसर्गिक जंगलात वाढलेल्या जुन्या झाडाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो, वर्षवलये जवळजवळ असतात आणि कडेचा पांढरा भाग थोडा असतो. रोपवनातून विरळणी करताना, म्हणजे दाटी कमी करण्यासाठी, काढलेल्या कोवळ्या झाडाची वलये रुंद असतात आणि पांढरा भाग मोठा असतो. वाळवी आणि कीड आधी याच पांढऱ्या भागाला लागते. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने विदर्भात मोठ्या प्रमाणावर सागाची रोपवने केली आणि त्यांतील विरळणीचे लाकूडही लिलावात येते, त्यात गैर काहीच नाही. परंतु शेठजींना याबद्दल विचारले तेव्हा ‘दोन्ही सरकारचाच माल, कागद एकच’ असे उत्तर मिळाले. कागद एकच असला तरी लाकूड एक नाही, आणि आगारात घेर व प्रत पाहून वेगवेगळे लॉट लावलेले असताना वखारीत ते एकाच भावाने विकणे पटत नाही. मी निवडलेल्या ओंडक्यांपैकी एक कोवळा निघाला, तो त्यांनी बदलून दिला. मात्र तोंडावर पाणी मारून वलये मोजून दाखवल्यानंतरच.

भाव आफ्रिकन सागाच्या जवळपास दुप्पट आहे, आणि तो का चढा आहे हे समजून घेतल्यावर राग बराच कमी होतो. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने उद्योगांना सवलतीच्या दराने जंगलमाल देण्याची प्रथा बंद करण्याची दिशा ठरवली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगल संरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय (जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्याशिवाय) होणारी तोड थांबली आणि करवत गिरण्यांच्या परवान्यांवर कडक बंधने आली. देशी माल आखडला, मागणी मात्र वाढत गेली, म्हणून बाजार परदेशी लाकडाकडे वळला. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर बर्मा सागही दुर्मीळ झाला आणि आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील रोपवनांचा माल घरोघरी पोचला. त्यात २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग रवाना झाला, तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी ते उदाहरण असते. या वखारीच्या भिंतीवरही त्या बातमीचे कात्रण चौकटीत लावलेले आहे.

शेठजींचे आणखी एक विधान मला तपासून पाहावेसे वाटले: ‘हा माल घेतला की तिकडच्या आदिवासींच्या हाताला काम मिळते.’ हे खरे आहे, पण अपुरे आहे. जंगलातील तोड, साली काढणे, ओंडक्यांची ओढणी आणि आगारात थप्प्या लावणे ही कामे स्थानिक मजूर करतात आणि ती हंगामी असतात. लिलावाची रक्कम सरकारकडे जाते. आणि ओंडक्याचे फळीत, फळीचे दारात रूपांतर होताना वाढणारी किंमत बल्लारपूर, नागपूर किंवा सोलापूरला पडते. हे दुखणे जुने आहे. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप, म्हणजे जंगलाचे आखून दिलेले तुकडे, तोडीसाठी देण्यास सुरुवात केली, ती ठेकेदाराचा नफा मजुरांकडे वळावा याच हेतूने. पुढे तोड आखडली तसतसे या संस्थांचे कामही आटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातील इतर वनस्पतिजन्य उत्पन्नावर, मालकी दिली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पण कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज आहे, इमारती लाकूड नाही, त्यामुळे सागावर गावाचा तसा अधिकार नाही. अमेरिकेत १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तेथील काउंट्यांच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) शाळा व रस्त्यांना मिळतो. तिथे याची उलटी बाजू दिसली, १९९० नंतर ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणासाठी तोड घटली तेव्हा ओरेगॉनमधील काउंट्यांची अंदाजपत्रके कोसळली आणि २००० साली संसदेला वेगळा निधी द्यावा लागला. आपल्याकडे गावाचा वाटाच तुटपुंजा, त्यामुळे तोड घटल्याचा फटका थेट मजुरीला बसतो. या सगळ्याचा दोष वखारीवर टाकता येत नाही, पण सागासोबत पुण्य विकण्याची गरजही नाही.

वाळवणीबद्दल थोडे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि हवा कोरडी असते. पुरेसे न वाळलेले लाकूड इथे दोन उन्हाळ्यांत चिरते आणि झडपा वाकतात. वखारीत यंत्राने वाळवण्याची सोय नाही, पण फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्प्या लावलेल्या आहेत आणि आर्द्रता मोजण्याचे यंत्र मागितले की लावून दाखवतात. दहा-बारा टक्क्यांच्या आत आकडा आला तरच माल उचलावा. आफ्रिकन सागात हा आकडा बराच वर दिसला, म्हणून आतल्या खोल्यांच्या दारांसाठीही तो लगेच घेऊ नये असे माझे मत आहे.

जुन्या लाकडाचा कोपरा मात्र दुर्लक्षित आहे, आणि खरे सांगायचे तर सोलापूरकरांनी आधी तिथेच जावे. जुन्या पेठांतील पाडलेल्या वाड्यांच्या तुळया तिथे पडून आहेत. पन्नास-साठ वर्षे याच हवेत मुरलेले हे लाकूड आता ना फारसे आक्रसणार, ना फारसे फुगणार. अडचण खिळ्यांची. आऱ्यावाला कुरकुरतो, कारण एक राहिलेला खिळा पाते घालवतो, आणि खिळे काढण्याची मजुरी वेगळी लागते. तरीही खिडक्यांसाठी आम्ही हेच घेतले आणि मिस्त्री त्यावर सर्वांत खूश होते.

पोच वेळेवर झाली, हमालीचे पैसे ठरल्याप्रमाणेच घेतले. बिल पक्के मिळते, पण त्यावर नुसते ‘सीपी साग’ असे लिहिण्याची पद्धत आहे. लॉट क्रमांक आणि वाहतूक परवान्याचा क्रमांक बिलावर लिहून मागावा लागतो. मागितल्यावर मुनीमांनी तो लगेच लिहिला आणि शिक्काही मारून दिला.