नेकचे चार स्क्रू

गेली दोन वर्षं मी ज्या बेसवर शो वाजवतोय, तो फेंडर या अमेरिकन कंपनीचा १९६३चा प्रिसिजन बेस गिटार नाही. घेतला तेव्हा होता. म्हणजे विकणारा तसं म्हणत होता, मला ते पटलं होतं, आणि भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलो होतो. दोन हंगाम वाजवून जे साठलं होतं ते सगळं त्यात घातलं, वर एक चांगला पाच तारांचा बेस विकला. लिहायला इतका उशीर झाला, कारण लाज वाटत होती. फसल्याची लाज होतीच. पण ज्या विषयात आपल्याला कळतं म्हणून मिरवत होतो, त्याच विषयात फसलो याची जास्त.

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. एका शोच्या मध्यंतरात स्टेजमागे गप्पा चालल्या होत्या आणि मी नेहमीसारखा सुटलो. जुन्या लाकडाची सर नव्याला येत नाही. हल्लीच्या बेसमध्ये किणकिणाट फार, पोट कमी. जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची एवढी गाणी १९६२च्या प्रिसिजनवर, जाड फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवली; तार तुटली तरच बदलायची, हा त्याचा नियम. असं बरंच काही. ऐकणाऱ्यांत पन्नाशीचे एक शांत गृहस्थ होते. पूर्वी आपणही बेस वाजवायचो, असं म्हणाले. त्यांनी माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. तिथेच संशय यायला हवा होता. दोन बेसवाले टोनवर बोलतात आणि वाद होत नाही, असं मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, लाकूड वाळत जातं तसा आवाज मोकळा होतो, ते डोक्यातून जाईना. आमच्या काकांचा एक बेस पडून आहे. ज्याला कळतं त्याच्याच हातात जावा, असं वाटतं." माझंच वाक्य मला परत विकलं जात होतं आणि मी खूश झालो होतो.

बेस बघितला आणि संपलंच. फिकट पडलेला फिएस्टा रेड. फेंडरचे त्या काळचे असे खास रंग साध्या सनबर्स्टपेक्षा (मध्ये फिकट, कडेला गडद) महाग जातात हे मला माहीत होतं, त्यामुळे आकडा ऐकूनही मी दचकलो नाही. कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचं पिकगार्ड (तारांखालची पातळ पाटी), रंगावर केसासारख्या बारीक भेगा, कोपर टेकतं तिथे लाकूड उघडं. सोबत काकांचा जुना काळापांढरा फोटो, हातात असाच बेस. केसला जुन्या कपाटाचा वास. मग त्यांनी तो एका छोट्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला लावून दिला. पहिला सूर वाजवला आणि पोटात काहीतरी हललं. तो आवाज खरंच सुंदर होता. आजही आहे.

मी म्हणालो, नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, काढून एकदा बघू या का? ते जरा दुखावल्यासारखे झाले. "साठ वर्षं बसलेला जोड आहे. एकदा स्क्रू हलले की लाकडाचा मेळ जातो, मग तो टोन परत येत नाही. तुम्हाला काय सांगायचं!" हे धादांत खोटं आहे. लिओ फेंडरने चार स्क्रूंवर बसणारा नेक केला तो काढता यावा, दुरुस्त करता यावा, बदलता यावा म्हणूनच. १९६३च्या प्रिसिजनमध्ये ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीचा, नट नेकच्या बुडाशी असतो, नीट फिरवायचा तर नेक सैल करावाच लागतो. साठ वर्षांत त्या नेकचे स्क्रू कोणी हलवलेच नसतील, हेच जवळजवळ अशक्य. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण टोनबद्दलची माझी जी श्रद्धा होती तिच्या सुरात सूर मिळवून ते बोलत होते. मी मान डोलावली.

संध्याकाळी दुसरा कोणी बघायला येणार होता, हे वेगळं सांगायला नको. पैसे रोख. पावती त्यांनीच हाताने लिहिली: 'जुना बेस गिटार, आहे त्या स्थितीत'. वर्ष नाही, मॉडेल नाही, मूळ रंगाचा उल्लेख नाही. घाईत मी ती वाचलीही नाही, घडी घालून केसमध्ये टाकली.

सात-आठ महिने वाजवला. मग व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग, खरखरू लागला, म्हणून ओळखीच्या कारागिराकडे टाकला. दुपारी त्याचा फोन. "कुठेयस? बसून घे आधी."

पिकगार्ड उघडल्यावर त्याने पहिल्यांदा पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचला होता: १३७६६३३. पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. मग वर्ष, ६६. मग आठवडा, तेहेतिसावा. पॉट गिटारपेक्षा जुना असू शकतो. फेंडरकडे १९६६चे पॉट इतके साठले होते की पुढे काही वर्षं तेच लागत राहिले. पण १९६३ साली बाहेर पडलेल्या बेसमध्ये १९६६चा पॉट जन्मापासून असू शकत नाही. नंतर बदलला असेल, असं मी लगेच म्हणालो. त्याने नुसतं हं केलं.

मग त्याने बॉडीवर खिळ्यांची भोकं शोधली. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात बॉडीला बारीक खिळे ठोकत, रंगवताना आणि वाळताना ती त्यांच्यावर टेकवता यावी म्हणून. रंग झाला की खिळे उपटायचे. त्यामुळे मूळ रंगाच्या बॉडीवर ती भोकं राहतात आणि आत कोरं लाकूड दिसतं. नंतर कोणी पुन्हा रंगवली असेल तर भोकात रंग उतरलेला असतो. काही भोकं पिकगार्डच्या आड असतात, म्हणून ती शोधायला ते उघडावंच लागतं. माझ्या बॉडीवर भोकं नव्हतीच. रंगाने भरलेलीही नाहीत.

दिवे मालवून त्याने अतिनील टॉर्च मारला. जुनं नायट्रो लॅकर, म्हणजे त्या काळचा वार्निशसारखा लेप, त्या उजेडात सहसा पिवळट हिरवं चमकतं. माझा बेस सरळ काळाजांभळा दिसत होता, खुंट्या असतात त्या हेडस्टॉकपासून पट्टा अडकवायच्या बटणापर्यंत. भेगांचंही तेच. खऱ्या भेगा वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात पडतात, कुठे दाट, कुठे विरळ, वाटेल तशा भरकटलेल्या. या एकमेकींना समांतर होत्या. रंग गरम करून त्यावर गारठवणारा फवारा मारला की अशा पडतात, तो म्हणाला. आणि कोपराजवळचं उघडं लाकूड? तो म्हणाला, तू उभा राहून वाजव. मी पट्टा घालून उभा राहिलो. माझं कोपर त्या जागेच्या चार बोटं वर टेकत होतं. हे मला आठ महिन्यांत दिसलं नव्हतं.

शेवटी चार स्क्रू. नेकच्या बुडाला जिथे कारखान्याचा शिक्का असतो, त्या काळी मॉडेलचा अंक, महिना, वर्ष आणि रुंदीचं अक्षर असा, तिथे पॉलिश पेपर फिरवून वर नवा शिक्का मारला होता. दिवा आडवा धरला की खालच्या जुन्या शिक्क्याची पुसट सावली दिसायची. स्क्रूंची भोकंही दुहेरी, एकदा बुजवून पुन्हा पाडलेली. म्हणजे हा नेक आधी दुसऱ्याच बॉडीवर होता. फेंडरने १९८२पासून स्वतःच्याच जुन्या मॉडेलांच्या पुनरावृत्त्या काढल्या, तसल्या एखाद्या बेसचा असावा, असा त्याचा अंदाज. मागची नंबरप्लेट मात्र खरी वाटत होती. पण प्लेट म्हणजे एक पत्रा. चार स्क्रू काढले की कुठूनही कुठेही जातो. कारखान्यातही अशा प्लेटा वर्षाच्या क्रमाने लागत नसत. नंबर बघून वर्ष ठरवणारे बहाद्दर मी नंतर बरेच पाहिले. त्यांतला एक मीही होतो.

पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारी तारेची वेटोळी, मीटरवर साडेदहा किलोओहमच्या आसपास रोध दाखवत होते. प्रिसिजनला शोभेल असाच आकडा. तेवढ्यावर माझी आशा पुन्हा जागी झाली होती, म्हणून सांगतो: मीटर पिकअपचं वय सांगत नाही. तेवढ्याच वेढ्यांचा नवा पिकअपही तेच दाखवेल.

घरी येऊन काकांचा फोटो केसमधून बाहेर काढला. काळापांढरा का, ते आता कळलं: लाल की तपकिरी, ते दिसू नये. पण त्या पिकगार्डची नक्षी दोन तुकड्यांवर सारखी येत नाही, बोटांच्या ठशांसारखी. फोटोतल्या बेसवर पिकअपच्या वर एक ढगासारखा गडद डाग आहे. माझ्या बेसवर तिथे काहीच नाही. हे मी पहिल्या दिवशीही पाहू शकलो असतो, फोटो माझ्या हातात दिला होता.

विकणाऱ्यांना फोन केला. पहिल्यांदा ते शांतपणे म्हणाले, "मी कुठे १९६३ म्हणालो? काका म्हणायचे, तेवढं सांगितलं. पावती बघा." दुसऱ्यांदा उचलला नाही. नंतर तो नंबरच बंद झाला. रोख व्यवहार, साक्षीदार नाही, कागदावर 'जुना बेस गिटार'. ज्यांना विचारलं त्यांनी तक्रार करायला सांगितलं, पण तक्रारीत लिहायचं काय, इथेच गाडी अडली. कागदावर वर्ष आणि 'बॉडी, नेक, रंग, पिकअप मूळ' एवढी ओळ असती, आणि अमुक दिवसांत तिसऱ्याकडून तपासून घेईन, वेगळं निघालं तर परत करीन असं ठरलं असतं, तर काही हालचाल करता आली असती. खरा माल असलेला माणूस एवढं लिहून द्यायला कां कू करत नाही. नेक, पॉट आणि नेकच्या बुडाचे फोटोही तो न मागता पाठवतो.

आता त्या आवाजाबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त तेच बोचतं. तो लाकडाचा नव्हता. ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर अडकतात तिथे, तारांखाली फोमचा तुकडा खोचलेला होता, तारा मेलेल्या फ्लॅटवाउंड होत्या, टोनचा पॉट अर्धा बंद होता आणि अ‍ॅम्प छोटा, जरा कण्हणारा. पुढे तसाच फोम आणि तसल्याच तारा मी माझ्या साध्या प्रिसिजनवर चढवल्या आणि ड्रमरला पाठ करून उभं केलं. दोन्ही बेस आलटून पालटून वाजवले. त्याला ओळखता आलं नाही. डोळे मिटल्यावर मलाही छातीठोक सांगता आलं नसतं.

आणि शोमध्ये ऐकणार कोण? मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, ४१ हर्ट्झच्या जरा वर वाजते. तिथे साउंडवाल्याने आधीच कात्री लावलेली असते, छोट्या स्पीकरमधून ती पुरती येतही नाही. कानाला भासतो तो बराचसा वरचा ८२ हर्ट्झचा स्वर आणि बोटाचा धक्का. गर्दीतल्या कोणी आजवर मला वर्ष विचारलेलं नाही. विचारतात ते दुसरे बेसवाले, मध्यंतरात. मी जुनेपणासाठी एवढे पैसे मोजले ते त्यांच्यासाठीच, हे कबूल करायला मला आठ महिने लागले.

बेस विकलेला नाही. एकाने मध्ये, काही न विचारता, '६३चाच ना?' असं म्हणून मोठा आकडा सांगितला होता. एक रात्र झोप लागली नाही. सकाळी नाही कळवलं, त्याला खरं काय तेही सांगितलं. त्याला ते पटलं नाही, मी किंमत वाढवतोय असंच त्याला वाटत राहिलं.

मग एका दुपारी मीच स्क्रू काढले. पाच मिनिटंही लागली नाहीत. नेकच्या खाचेत, जिथे उघडल्याशिवाय नजर जात नाही, तिथे बारीक पेनने लिहिलं: बॉडी नवी, रंग नवा, नेक दुसऱ्या बेसचा, पॉट १९६६चे, प्लेट कुठली ते माहीत नाही. खाली तारीख टाकली, शाई वाळू दिली आणि नेक परत बसवला. संध्याकाळी शो होता. ट्यूनिंगसुद्धा फारसं हललं नव्हतं.