अडीच लाख लगेच, की पूर्ण भरपाईसाठी दावा? अपघातग्रस्तांच्या घरच्यांसाठी

माझा मावसभाऊ एरंडोलला वेल्डिंगचं काम करतो. वय ३४. सुरत महामार्गावर नवापूरच्या अलीकडे गुजरात पासिंगच्या ट्रकने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली आणि उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. तो दवाखान्यात असतानाच घरी सल्ले सुरू झाले. सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला असा: "आधी नो-फॉल्टचे पैसे उचला, मग मोठी केस लढा."

हा सल्ला एके काळी बरोबर होता, आज तो घात करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नो-फॉल्टचं कलम १४० होतं. चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५० हजार आणि कायमच्या अपंगत्वाला २५ हजार मिळायचे, आणि ते घेऊनही पुढे पूर्ण दावा चालवता यायचा. शेवटच्या रकमेतून तेवढे वजा व्हायचे, इतकंच. २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. १ एप्रिल २०२२ पासून त्या जागी नवं कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच. ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला तुमचा दावा संपतो. आधी हे, मग ते, असं आता करता येत नाही.

दुसरा रस्ता कलम १६६ चा. तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रकमेला वरची मर्यादा नाही. उपचारखर्च, बुडालेली मजुरी, पुढच्या आयुष्यातली कमाईची घट, वेदना, सगळं मोजलं जातं आणि त्यावर व्याजही मिळू शकतं. वेळ लागतो, वर्षंही जातात, आणि घरात कमावता माणूस एकच असेल तर ती वर्षं फार जड जातात. हे मी हलक्यात घेत नाही.

तरीही निर्णय घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. आम्ही बसलो. भावाची कमाई महिन्याला १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २ लाख ५२ हजार. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं तर वर्षाचं नुकसान ७५,६००. चौतीस वर्षांच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ आहे. गुणाकार १२,०९,६०० येतो, आणि दवाखान्याची बिलं त्याहून वेगळी.

आता मन घट्ट करून उलट बाजू बघू. समजा न्यायाधिकरण म्हणालं, निम्मी चूक मोटरसायकलवाल्याची. तरी ६ लाख ४ हजार ८०० उरतात. ८० टक्के चूक त्याच्या पदरात टाकली तर २ लाख ४१ हजार ९२० राहतात, आणि तिथे कुठे कलम १६४ चे अडीच लाख बरोबरीला येतात. सगळीच चूक आपली ठरली तर १६६ मध्ये हाती काहीच येत नाही. म्हणून स्वतः राँग साइडने जात होता, साक्षीदार नाही, पंचनामा विरुद्ध आहे, अशा वेळी १६४ हाच शहाणपणाचा रस्ता. हाड मोडलं, तीन महिन्यांत जुळलं, माणूस पुन्हा पहिल्यासारखा कामाला लागला, तरीही १६४ च घ्या. खरं नुकसान दीड लाखाचं असेल तरी रक्कम ठरलेली अडीच लाखच मिळते.

मृत्यूच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे. हेच वय, हीच कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई असतील तर स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा करूनही ३० लाख २४ हजार होतात. समोरच्याची चूक दिसत असताना तिथे ५ लाखांवर सही करणं म्हणजे लेकरांच्या शिक्षणावर पाणी सोडणं.

आमच्या भावाच्या बाबतीत सगळं टक्क्यांवर अडलं होतं. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व लिहितात, पण न्यायाधिकरणाने बघायचं असतं ते त्या माणसाच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालात हे स्पष्ट आहे. दुकानात खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय आणि दिवसभर उकिडवं बसून गेट जोडणाऱ्याचा पाय यांत फरक आहे. म्हणून पाय किती वाकतो हे कळायच्या आत कुठल्याही प्रस्तावावर सही करू नका. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देतो; तो नाकारला म्हणून हक्क जात नाही, प्रकरण गुणदोषांवर चालतं.

थांबायचं, पण फार नाही. नव्या कायद्यात १६६ चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा आहे. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हे दोन्ही रस्ते बंद. तिथे हिट अँड रनची योजना आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडे. आणि इंटरनेटवर नो-फॉल्ट म्हणून जे वाचायला मिळतं ते बरंचसं न्यूयॉर्क, मिशिगनसारख्या अमेरिकी राज्यांचं असतं. तिकडे आपल्याच गाडीच्या पॉलिसीतून आपले उपचार होतात. आपल्याकडचं तसं नाही, पैसे समोरच्या गाडीच्या विम्यातून येतात.

भावाने अडीच लाखांचा प्रस्ताव नाकारला. ट्रक राँग साइडने आल्याचं पंचनाम्यात होतं, आणि गुडघा पूर्ण वाकत नाही हे चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी लिहून दिलं. जळगावला दावा दाखल झाला तेव्हा अपघाताला पाच महिने आठ दिवस झाले होते.