सामान्य भाषाविज्ञानाचा प्रास्ताविक अभ्यासक्रम : एक अभिप्राय

नाशिकमधील एका महाविद्यालयात मी नुकताच हा अभ्यासक्रम पूर्ण केला. ‘जग’ हा एकच लिखित शब्द ‘दुनिया’ आणि ‘जगणे’ या दोन अर्थांनी उच्चारताना ‘ज’ कसा बदलतो, हे बाईंनी जिभेचे टोक कुठे टेकते ते आम्हालाच तपासायला लावून दाखवले, तेव्हा स्वनिमाची, म्हणजे अर्थात फरक करणाऱ्या सर्वांत लहान ध्वनिघटकाची, संकल्पना कायमची पक्की झाली. स्विस भाषावैज्ञानिक सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील चिन्हविचारही (शब्दाचे ध्वनिरूप आणि त्यामागची कल्पना मिळून भाषिक चिन्ह बनते, हा विचार) त्यांनी उत्तम उलगडला. वाक्यविचार मात्र दोनच तासांत, तोही इंग्रजी उदाहरणांवर उरकला गेला, याची खंत वाटते. कारण वर्गात बागलाणची अहिराणी आणि सुरगाण्याची कोकणा बोलणारे विद्यार्थी समोरच बसलेले होते.