लेकरू घेऊन पहिली सहल : सिल्लारी, चिखलदरा की पचमढी?

दोघंच असताना नागपूरहून रात्री अकराला निघून पहाटे पचमढीला पोचलं तरी चालायचं. चहा कुठेही मिळतो आणि झोप दुसऱ्या दिवशी काढता येते. दीड-दोन वर्षांचं लेकरू सोबत असलं की किलोमीटर बाजूला ठेवायचे आणि झोपा मोजायच्या. या वयात दुपारी एकच मोठी झोप असते, साधारण दीड-दोन तासांची. तिन्ही ठिकाणांत निवड करायची ती या एका झोपेवरून.

पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी फाटक नागपूरहून 70 किलोमीटरच्या आसपास आहे. कामठी, मनसर, मग पवनीहून आत. साडेबाराला वरण-भात भरवून निघालात तर लेकरू मनसरच्या आधीच झोपतं आणि उठतं तेव्हा खोली मिळायची वेळ झालेली असते. सकाळी निघण्याची घाई इथे उलट महागात पडते. दहाला पोचाल, खोली दोनला मिळेल आणि मधले चार तास चिडलेलं पोर अंगणात फिरवत बसाल.

सिल्लारीची अडचण सफारीची आहे. एक फेरी साधारण चार तासांची आणि जिप्सी उघडी असते. जंगलात ठरलेल्या जागांशिवाय खाली उतरता येत नाही, त्यामुळे डायपर मांडीवरच बदलावं लागतं. डिसेंबरातल्या पहाटे चालत्या जिप्सीतला वारा टोपी-स्वेटरला दाद देत नाही. शिवाय लेकरू रडलं तर गाडीतले बाकीचे लोक वाघापेक्षा तुमच्याकडेच जास्त बघतात. यावर सरळ तोडगा म्हणजे पाळी लावणं. सकाळच्या फेरीला एकानं जायचं, दुपारच्या फेरीला दुसऱ्यानं. बुकिंग तसंच वेगवेगळं करा, कारण परवान्यावर नाव आणि ओळखपत्र असतं, आयत्या वेळी माणूस बदलता येत नाही. सोबत सफारी हवीच असेल तर पोर चार-पाच वर्षांचं होऊ द्या. रात्रीचं आकाश मात्र तिघांना मिळून बघता येतं. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश, म्हणून मान्यता मिळाली. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, तेव्हा सिल्लारी विसरा.

त्या महिन्यांत विदर्भातलं माणूस चिखलदऱ्याला जातं. अंतर 230 किलोमीटरच्या घरात, त्यातले अमरावतीपर्यंतचे दीडशे सोपे. पहाटे पाचला झोपलेलं लेकरू तसंच उचलून त्याच्या कार-सीटमध्ये ठेवा, ते अमरावतीपर्यंत सहसा उठत नाही. खरा प्रश्न परतवाड्यानंतरच्या तीस किलोमीटर घाटाचा. वळणांनी मळमळण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत कमी असतो, त्यापुढच्या मुलांना जास्त. लहानग्यांना उलटी होते ती बहुतेक वेळा भरल्या पोटानं. बाटलीभर दूध अमरावतीला द्या, परतवाड्याला नको. घाट सुरू होईपर्यंत सव्वा तास जातो, तेवढा पुरतो. वाटेत केळ्याचे दोन तुकडे किंवा मूठभर मुरमुरे, बस्स. उलटीचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, निघायच्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना विचारा. ताप-जुलाबाची औषधं आणि ओआरएसची पाकिटं घाट चढायच्या आधी परतवाड्यालाच घ्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन जुलाब बळावू शकतात.

चिखलदऱ्याची जमेची बाजू अशी, की बरेचसे पॉइंट गाडीतून उतरून थोडं चाललं की दिसतात. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, सगळीकडे लेकरू कडेवरच ठेवा, कडे खोल आहेत आणि धुक्यात कठडा दिसत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून कापडी लंगोटांचा हट्ट घरी ठेवा. दिवसाला सहा डायपर धरा. दोन मुक्कामांच्या सहलीला अठरा आणि वर चार. थर्मासात दूध भरू नका, कोमट दुधात जंतू वाढतात आणि ते नासतं. उकळतं पाणी भरा, पावडर वेगळी ठेवा आणि लागेल तेव्हा कालवून निववून द्या. खोली ठरवताना तळमजला मागा आणि पलंगाऐवजी जमिनीवर गादी. पलंग आणि भिंतीमधली फट हीच पहिल्या रात्रीची खरी दरी.

पचमढीबद्दल थोडक्यात: चार वर्षांच्या आत नको. सौसर, छिंदवाडा, तामिया करत सहा तास लागतात, म्हणजे एक झोप आणि उरलेल्या वाटेत रडारड. बी फॉलला पायऱ्या आहेत, जटाशंकरला पायऱ्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी भाड्याची जिप्सी करावी लागते. बाबागाडीचा काही उपयोग नाही. रेल्वेनं पिपरियाला उतरून टॅक्सी करता येते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ न मागितल्यास तिकीट लागत नाही, पण घाटातल्या टॅक्सीत कार-सीट नसते.

कार-सीटशिवाय तिन्हीपैकी कुठेही निघू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कार-सीट हवी, नसल्यास 1000 रुपये दंड. दीड वर्षाच्या मुलासाठी सीट मागे तोंड करून, मागच्या आसनावर बसवा. एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीच नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू चटका देतो. सीट ओढणीनं झाकून ठेवा, दारं पाच मिनिटं उघडी टाका, बकल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

सोबत आजी-आजोबा येणार असतील तर आधी टेप घेऊन मागचं आसन मोजा. छोट्या गाडीत कार-सीट बसवली की उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं जेमतेम मावतात. सिल्लारीपर्यंत दीड तास ते चालतं. चिखलदऱ्यासाठी मोठी गाडी भाड्यानं घ्या, आणि तुमची सीट तिच्यात नीट बसते का ते आदल्या दिवशी बघा, पहाटे पाचला नाही.