जाम स्क्रूसाठी ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर : वापरानंतरचे मत

माझी यामाहा आरएक्स 100 ही 1993 सालची आहे आणि ती रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम एक किलोमीटरवर असते. खाऱ्या वाऱ्यामुळे तिच्या इंजिनावरचे स्क्रू वरून चांगले दिसत असले, तरी आतून घट्ट धरलेले असतात. यंदा क्लच प्लेटा बदलण्यासाठी उजव्या बाजूचे झाकण उघडायचे ठरले, तेव्हा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून साडेचारशे रुपयांना आणलेला, हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर प्रथमच कामाला लावला. बॅटरीवर चालणारे त्याच नावाचे यंत्र वेगळे; हे परीक्षण साध्या, पोलादी, हाती धरून ठोकायच्या हत्याराचे आहे.

या गाडीच्या इंजिनाच्या झाकणाला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतात; आपल्याकडे त्यांना स्टार स्क्रू म्हणतात. स्क्रू लोखंडी आणि झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे, ओलावा आणि मीठ मिळाले की दोन धातूंच्या मध्ये क्षरण सुरू होते आणि आटे पांढऱ्या भुकटीने भरून जातात. त्यात जपानी गाड्यांवरची खाच जपानी मानकाची असते आणि बाजारातला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर तिच्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो वर उचलला जातो, सटकतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. एकदा कडा गेल्या की साध्या ड्रायव्हरने तो स्क्रू निघणे जवळपास अशक्य होते.

इम्पॅक्ट ड्रायव्हर नेमका इथेच उपयोगी पडतो. त्याच्या आत तिरकी खोबण आणि स्प्रिंग असते. मागून हातोडा बसला की तो फटका बिटला, म्हणजे टोकाला बसवलेल्या, स्क्रूच्या खाचेत जाणाऱ्या पोलादी तुकड्याला, स्क्रूमध्ये खाली दाबतो आणि त्याच क्षणी थोडासा फिरवतो. दाब आणि फिरकी एकाच वेळी मिळत असल्यामुळे सटकायला वावच राहत नाही. दिशा निवडण्याची सोय त्याच्यातच आहे, पण पहिला फटका मारण्यापूर्वी ती सोडवण्याच्या बाजूला आहे ना, हे तपासावे, नाहीतर आपण स्क्रू आणखी आवळत बसतो.

आदल्या रात्री प्रत्येक स्क्रूभोवती गंज सोडवणारे तेल घातले होते. डब्ल्यूडी-40 घरोघरी असते, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी 1953 साली तयार झालेले द्रव्य आहे. जुन्या गंजासाठी म्हणून मिळणारे खास तेल मला अधिक भरवशाचे वाटते. सकाळी झाकणावर किटलीभर उकळते पाणी हळूहळू ओतले, कारण अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि आट्यांची पकड तेवढी ढिली होते. ज्योत मात्र वापरू नये. वर पेट्रोलची टाकी असते. त्यानंतर मुलाने गाडीचे हँडल घट्ट धरले, मी ड्रायव्हरची बॉडी हाताने डावीकडे पिळून धरली आणि एक किलोच्या हातोड्याने सरळ, बेताचे फटके मारले. तिसऱ्या फटक्याला पहिला स्क्रू 'कट्' असा आवाज करून सुटला, आणि त्याच्या आट्यांतून पांढरी पूड माझ्या बोटांवर आली. एकूण एक स्क्रू त्याच दिवशी निघाले. केवळ एकाची खाच आधीच एका गॅरेजमध्ये छिन्नी लावून बिघडवलेली होती, त्याचे डोके ड्रिलने काढून उरलेला दांडा पकडीने फिरवावा लागला.

उणिवाही स्पष्ट सांगतो. डब्यातले बिट मऊ निघाले. दुसऱ्याच स्क्रूवर एकाचे टोक गोलावले. मी वेगळे, चांगल्या पोलादाचे बिट घेतले आणि त्यांच्या टोकाचा किंचित भाग कानशीने घासून जपानी खाचेत पूर्ण बसते केले, त्यामुळे पकडीत लक्षणीय फरक पडला. दुसरे असे की हत्यार लांब आहे आणि त्याच्या मागे हातोडा फिरायला मोकळी जागा लागते. ब्रेक पेडलजवळच्या स्क्रूपर्यंत सरळ पोहोचण्यासाठी मला पेडल उतरवावे लागले. पातळ किंवा नाजूक भागांवर, जसे ब्रेकच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर, त्याचे जड फटके मुळीच मारू नयेत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण बिटचा तुकडा उडू शकतो.

झाकण परत बसवताना जुने स्क्रू टाकून आरएक्ससाठी मिळणारा अ‍ॅलन बोल्टचा (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचा) संच लावला, आट्यांना तांब्याचे ग्रीस हलके पुसले आणि 6 मिमीचे हे बोल्ट बेतानेच, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. अ‍ॅल्युमिनियममधले आटे उडाले तर झाकणापेक्षा क्रँककेसचा, म्हणजे ज्यात हे बोल्ट बसतात त्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचा, खर्च मोठा असतो.

किनाऱ्यालगत राहून जुनी गाडी घरीच सांभाळणाऱ्यांनी हे हत्यार अवश्य घ्यावे, पण बिटसाठी शंभर-दीडशे रुपये वेगळे धरावेत. आणि ते पहिल्याच प्रयत्नाला वापरावे. साध्या ड्रायव्हरने खाच खराब करून झाल्यावर ते हाती घेतले, तर त्याचा निम्मा उपयोग गेलेला असतो.