दणक्याला मान न टाकणारा माउंट शोधताना

आधीच सांगतो, हा सायकलच्या दिव्याचा रिव्ह्यू नाहीये, दिवा हँडलवर ज्याच्यावर बसतो त्या तुकड्याचा, म्हणजे माउंटचा आहे. दिवा घेताना आपण ल्युमेन किती, बॅटरी किती तास, पाणी आत जातं का असं सगळं विचारतो आणि बॉक्समधून जो रबरी पट्टा निघतो तो हँडलला गुंडाळून मोकळे होतो. डांबरी रस्त्यावर तो चालतोही, मी बरेच दिवस वापरला, काही तक्रार नाही. पण एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन रात्री दगडगोट्यांच्या उतारावर गेलो आणि पहिल्याच मोठ्या दणक्याला दिव्याने मान टाकली, पुढचं चाक लख्ख आणि पुढची वाट गुडुप. थांबलो, दिवा वर केला, वीस-तीस मीटर गेलो, परत तेच. शेवटी एका हाताने दिवा धरून उतरलो, जे अजिबात करू नये कारण तो हात ब्रेकवर हवा असतो, पण केलं खरं.

तर पट्ट्याचा दोष काय, तर तो ताणला जातो म्हणूनच बसतो आणि ताणला जातो म्हणूनच फिरतो. तुटायची भीती आपल्याला वाटते पण तुटत सहसा नाहीच, हँडलच्या गोल नळीवर गोल गोल सरकतो. दिवा 200 ग्रॅमचा असला आणि दणका गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट असला तर तेवढ्या क्षणापुरता तो किलोभर वजनासारखा खेचतो, त्यात दिवा नळीपासून उंच किंवा पुढे लांब बसलेला असेल तर पीळ अजून वाढतो. चिखल नाहीतर पाणी मध्ये गेलं की मग विचारूच नका. जुनी ट्यूब कापून तिची पट्टी खाली गुंडाळायचा जुगाड मीही केला, फरक पडतो, खोटं बोलणार नाही, पण तासाभराच्या राइडमध्ये दहा वेळा वर करायचा दिवा तीन-चार वेळा करावा लागला एवढंच.

मग घेतला प्लास्टिकचा क्लॅम्प, एका स्क्रूने आवळायचा, वर गोप्रो कॅमेऱ्याच्या माउंटला असतात तसली बोटं. हा प्रकार आता जवळपास सगळीकडे दिसतो, एका बाजूला तीन बोटं, दुसऱ्या बाजूला दोन, मधून एक एम5 स्क्रू. फायदा असा की बऱ्याच कंपन्यांचे दिवे त्यावर बसतात किंवा त्याचं अडॅप्टर मिळतं, आणि दिवा खाली-वर हवा तसा वाकवता येतो. पण तोच तर घोटाळा आहे ना, वाकवता येतो म्हणजे तिथे नुसत्या घर्षणावर काम चाललंय! माझा क्लॅम्प नळीवर ठाम उभा होता आणि दिवा मात्र बोटांपाशी मान डोलवत होता. त्याचा हाताने फिरवायचा मोठ्या डोक्याचा स्क्रू मी काढून टाकला आणि स्टीलचा अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आणि नायलॉक नट लावला (नायलॉक म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सुटत नाही तो), मग बरंच सुधारलं. इथे एक चूक माझ्याकडून होता होता राहिली. स्क्रू सुटू नये म्हणून त्यावर निळं थ्रेड लॉकर टाकणार होतो, नशिबाने आधी वाचलं की ते पॉलिकार्बोनेट, एबीएससारख्या प्लास्टिकला तडे पाडू शकतं. म्हणजे धातूत धातू जात असेल तिथेच टाका. क्लॅम्पला तडा गेलाच नंतर, पण तो मी जास्त आवळल्यामुळे, बिजागरीपाशी. कंपनीचं नाव घेत नाही, कुठल्याही प्लास्टिकचं तेच झालं असतं असं मला वाटतं.

मधल्या काळात ती हँडलच्या पुढे येणारी एक्स्टेन्शन नळी पण लावून बघितली, म्हणजे वर दिवा, बाजूला कॉम्प्युटर, फोन, सगळा संसार एका जागी. रफ ट्रेलसाठी नका घेऊ. लांब दांड्याच्या टोकाला वजन टांगल्यासारखं होतं आणि उजेड असा थरथरतो की दगड कुठला आणि सावली कुठली कळत नाही.

आता जो आहे तो अ‍ॅल्युमिनियमचा, एका ठोकळ्यातून मशीनवर कापलेला, बिजागरीने उघडतो, नळीभोवती पूर्ण मिटतो आणि दोन बोल्टने आवळतो. दिवा थेट वर, मध्ये बोटंबिटं नाहीत, सांधा जवळपास नाहीच. मला इतक्या प्रयोगांतून जे कळलं ते हेच, क्लॅम्प किती जाड यापेक्षा नळी आणि दिवा यांच्यामध्ये सांधे किती ते मोजा. प्रत्येक सांधा कधी ना कधी हलतो. आणि दिवा नळीला जितका चिकटून तितका शांत.

घ्यायच्या आधी नळीचा व्यास मात्र मोजाच, अंदाजाने ऑर्डर करू नका. हल्लीच्या एमटीबीला स्टेमपाशी (हँडल मधोमध धरून ठेवणारा भाग) 31.8 नाहीतर 35 मिमी असतो, जुन्या सायकलींना 25.4, आणि ग्रिपच्या जागी 22.2. 31.8 चा क्लॅम्प आत रबरी शिम (फट भरायची पट्टी) टाकून 25.4 वर बसवतात, पण शिम म्हणजे परत एक मऊ थर, शक्यतो नेमक्या मापाचाच घ्या. 35 वर तर 31.8 चा बसतच नाही, मी एका मित्राला जोर लावताना बघितलंय. दुसरं म्हणजे स्टेमपासून थोडं बाजूला गेलं की बहुतेक नळ्या निमुळत्या होतात आणि त्या उतारावर लावलेला क्लॅम्प दणक्यादणक्याने बारीक बाजूला सरकून ढिला पडतो. म्हणून स्टेमला अगदी खेटून, सरळ भागावरच लावायचा, जागा कमी असली तरी. हँडल कार्बनचं असेल तर अंगात आलं म्हणून पिळू नका, क्लॅम्पवर जो टॉर्क (आवळायचा जोर) लिहिलाय तेवढाच, आणि मध्ये थोडी कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) लावली की कमी आवळूनही घट्ट धरतं. लावायच्या आधी नळी पुसा, वाळूचा एक कण मध्ये राहिला तरी ओरखडा ठरलेला. ब्रेकची होज (लवचिक नळी) खाली चिमटत नाही ना तेही बघा.

बसवून झालं की घरीच परीक्षा घ्यायची. पुढचं चाक वीतभर उचलून सोडा, दहा-बारा वेळा. दिवा नुसता मानेने हो म्हणाला तरी बाहेर तो नक्की पडणार. आणि नेलपॉलिशची एक रेघ क्लॅम्पवरून नळीवर ओढून ठेवा, बायकोची घेतलीत तर विचारून घ्या, रेघ तुटलेली दिसली की समजायचं क्लॅम्प फिरलाय. माझी रेघ इतक्या राइड्सनंतर अजून अखंड आहे. बारीक दोरीने दिवा ब्रेक लिव्हरपासून लांब कुठेतरी बांधूनही ठेवतो मी, हा भित्रेपणा म्हणा हवं तर.

हा माउंट उलटा करून हँडलखालीही दिवा टांगता येतो, दिसायला मस्त, पण रस्त्यावरचे काही दिवे वरचा उजेड सरळ रेषेत कापून देतात, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून, तसला दिवा उलटा टांगला तर सगळा उजेड आभाळात. गोल झोत असलेल्याला काही प्रॉब्लेम नाही.

तक्रारी आहेतच. दिवा काढायला अ‍ॅलन की लागते, म्हणजे चार्जिंगला सायकलच प्लगपाशी न्यायची, आणि सायकल कुठे उभी करून गेलो तर दिवा तिथेच सोडून जायचा, जीव वर-खाली. याच क्लॅम्पला चटकन निघणारी वरची प्लेट मिळते, ती मागवून बघितली, लावल्यावर दिवा बोटाने हलवला तर टक-टक असा बारीक आवाज येतो. म्हणजे परत एक सांधा. काढून ड्रॉवरमध्ये टाकली, आता अ‍ॅलन कीच सॅडल बॅगेत असते.